मेहरूणचा उतार

रेखा,
तुझ्या गावी समुद्राकाठी
चाकं जातील असा रस्ता झालाय म्हणतेस.
कठडा धरता येईल एवढाच उंच,
आणि वाळूवर फळ्या अंथरल्यात
थेट ओल्या रेघेपर्यंत.
"बाई, एकदा या."

येईन.
पण आठवीत तुझा अर्धा गुण मी कापला होता,
खानदेशाच्या पश्चिमेला
तू अरबी समुद्र लिहिलास म्हणून.
तो आता व्याजासकट वसूल करतेयस,
कळतंय मला.

त्याआधी आमच्याकडचं ऐक.
जळगावात एक तलाव आहे, तुला ठाऊक असलेलाच.
तुम्ही पोरी बोरं खायला जायचात तिथे,
मी शाळेच्या फाटकाशी थांबायचे
पिशव्या सांभाळत.
निवृत्तीनंतर ठरवलं, आपणही जाऊन बघू.

माझ्या तीनचाकीच्या चाकाचा एक फेरा
सहा फुटांना थोडा कमी.
घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत दोनशे दहा फेरे, सपाट.
पुढे गटारावरची फरशी तिरपी आहे,
डावं चाक आधी घालायचं.
चांभाराच्या दुकानासमोर सावली
नऊ वाजेपर्यंतच, एप्रिलात साडेआठ.
काठावरचा फिरायचा रस्ता चांगला केलाय,
पण त्यावर चढायला पायरी आहे.
एकच. आठ इंच.
ज्यानं बांधली त्याला ती दिसलीसुद्धा नसेल.

पायरीपाशी मी तीन सकाळी बसून होते.
माणसं फेऱ्या मारत होती,
बुटांचे आवाज, रक्तदाबाच्या गप्पा.
पाणी दिसत होतं त्यांच्या गुडघ्यांमधून
तुकड्या-तुकड्यांनी.
चौथ्या दिवशी उलट्या बाजूनं गेले
आणि मला उतार सापडला.

रुंद, खरखरीत, सरळ पाण्यात जाणारा.
गणपतीच्या गाड्यांसाठी केलेला.
बघ, देवाला पायऱ्या नाहीत,
मूर्तीचे पाय घडवलेले असूनही
त्याला चालायला कुणी सांगत नाही.
मी ब्रेक हळूहळू सोडला.
पुढचं चाक ओलं झालं.
पाणी समोर, पूर्ण, मध्ये कुणाचे गुडघे नाहीत.
दोन शेकाटे लांब लाल पायांवर उभे,
त्यांना माझं काही पडलं नव्हतं.
मी किती वेळ बसले ते मोजलं नाही,
मी, जिनं सगळं मोजलं.

मग लक्षात आलं,
हा उतार ज्याच्यासाठी केलाय
तो परत येत नाही.

जाळं वाळवणारा धुडकू भोई बघत होता.
"पानी दखाले उनात का, बाई?"
हो म्हटलं.
"आते वर कशा जाशात?"
उत्तर नव्हतं. भूगोलात हा प्रश्न नसतो.
तो मागं आला, मी म्हटलं ढकलू नकोस,
तोल जातो माझा, आणि
बाकीचंही काही जातं.
त्यानं वाद घातला नाही.
एक काळा दगड उचलला.
"मी ढकलस नही. तुम्ही चाक फिरावा,
मी दगड लावस."

अर्धा फेरा. दगड.
श्वास. अर्धा फेरा. दगड.
मध्येच त्यानं सांगितलं, त्याची पोरगी सातवीला आहे,
गणितात कच्ची.
मी म्हटलं, पाठव.
बाविसाव्या दगडाला आम्ही वर होतो,
आणि माझे दंड दुपारपर्यंत थरथरत होते.

तुझ्यासाठी नकाशा काढलाय, सोबत आहे.
गिरणी, फरशी, सावलीच्या वेळा,
पायरी (तांबड्या शाईत), उतार.
उताराच्या डोक्यावर बाभळीखाली
एक छोटा काळा गोळा दिसेल.
शाईचा डाग समजू नकोस.
तो दगड आहे. तिथेच ठेवतो आम्ही.

अर्धा गुण आल्यावर देते.